लक्ष कुठं होतं?

काल रात्रीपासून डोकं ठिकाणावर नाही. सकाळी दुकान उघडलं, दोन गिऱ्हाइकं केली आणि शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. लांबणार आहे. वेळ नसेल तर संध्याकाळी वाचा, पण वाचा.

काल जेवणं झाल्यावर पोरानं टीव्हीवर ‘द मिसिंग’ लावली. बीबीसीची मालिका, २०१४ सालची, आठ भागांची. इंग्लंडचं एक जोडपं पाच वर्षांच्या मुलाला घेऊन फ्रान्सला सुट्टीसाठी जातं. साल २००६, फुटबॉल वर्ल्डकपची मॅच चालू, बारसमोर ही गर्दी. बाप पोराला पोहायला घेऊन आलेला असतो. गर्दीत जल्लोष होतो, माणसं उसळतात, आणि हात सुटतो. पोरगं गेलं ते गेलंच.

तेवढ्यात आमचे एक पाहुणे बोलले. नाव घेत नाही, घरातलेच आहेत, पोस्ट वाचतील. सुपारी कातरत म्हणाले, “असला कसला बाप? लक्ष कुठं होतं ह्याचं?”

मी उठून गॅलरीत गेलो.

आमच्या घरातल्यांना आणि दोन-चार जवळच्या मित्रांना माहीत आहे. २०१७ ची जोतिबाची चैत्र यात्रा. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर मुंगीला शिरायला जागा नाही. सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या उंच काठ्या) नाचतायत, हलगी, चांगभलं, वरून गुलाल-खोबऱ्याची उधळण. पोरगं सहा वर्षांचं. माझ्या हातातून सुटलं. चाळीस मिनिटं सापडलं नाही.

चाळीस मिनिटं म्हणजे काय असतं ते सांगतो. मी प्रत्येकाला ओरडून सांगत होतो, “पिवळा शर्ट आहे, पिवळा शर्ट!” आणि सांगता सांगता कळलं की तिथं पिवळं काही उरलेलंच नाही. सगळी पोरं गुलाबी. केस गुलाबी, तोंड गुलाबी, शर्ट गुलाबी. दोन पोरांना दंडाला धरून फिरवलं, दुसऱ्याचीच निघाली. त्यातल्या एकाचा बाप माझ्या अंगावर धावून आला. धावणारच. त्याच्या जागी मी असतो तर मीही धावलो असतो.

बंदोबस्ताला असलेल्या एकाकडे पळत गेलो. त्यानं पोराचं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही. पहिला प्रश्न काय? “लक्ष कुठं होतं तुमचं?”

हा प्रश्नच नाही हो! ह्याचं उत्तर कुणाला पाहिजेच नसतं. माझं पोरगं हरवणार नाही, कारण मी तुझ्यासारखा नाही, एवढंच स्वतःला सांगायचं असतं. आपण कोल्हापूरकरांनी तरी हे बोलू नये. १९९६ ला गावित माय-लेकी पकडल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. देवळातून, स्टँडवरून, गर्दीतून उचललेली लेकरं. चोरी करताना ढाल म्हणून वापरायची आणि नकोशी झाली की मारायची. २००१ ला दोघी लेकींना आपल्याच कोर्टात फाशीची शिक्षा झाली, पुढं २०२२ मध्ये हायकोर्टानं तिची जन्मठेप केली, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तेव्हा कट्ट्यावर काय बोलत होतो ते आठवतंय का कुणाला? “आया काय झोपल्या होत्या काय?” मीही बोललो होतो. बिंदू चौकात चहा पीत बोललो होतो. त्या आयांची आज मनापासून माफी मागतो.

हां, गर्दीत पोराचा हात घट्ट धरावा, फोन खिशात ठेवावा. मान्य. ह्यावर माझा वाद नाही.

मालिकेतल्या बाईवरही काल घरात बोलणं झालं. ती पुढं दुसऱ्या माणसाबरोबर संसार मांडायला बघते, आणि बाप पोराला शोधत आठ वर्षांनीही त्याच गावात येऊन उभा राहतो. आमच्याकडं ती निर्दयी ठरली आणि तो वेडा ठरला. अरे, मग त्यांनी करायचं तरी काय? आपल्याकडं सात वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर कायदा तो मेला असं धरू शकतो. कागदाला सात वर्षं पुरतात. तो बाप आठव्या वर्षी तिथं उभा आहे. त्याला वेडा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. चिडका आहे, हट्टी आहे, चुकाही करतो, सगळं खरं. पण मी चाळीस मिनिटांत काय झालो होतो ते मला ठाऊक आहे.

आता जे लिहितोय ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या बंदोबस्तावाल्यानं “लक्ष कुठं होतं” विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. म्हणालो, “पायऱ्यांवर ढकलाढकली झाली, आत्ताच हात सुटला.” खरं असं होतं की पायऱ्यांच्या बरंच अलीकडं, नारळ-गुलालाच्या एका दुकानापाशी मी थांबलो होतो. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन होता, माल कागलला अडकला होता. आवाज येईना म्हणून एका कानात बोट घातलं. त्यासाठी पोराचा हात मीच सोडला. सुटला नव्हता, सोडला होता. किती वेळ बोललो, देव जाणे.

लाज वाटली म्हणून खोटं बोललो, आणि त्या खोट्यापायी सगळे पायऱ्यांवर शोधत राहिले. माईकवरून पुकारा झाला तोही पायऱ्यांचाच. आणि पोरगं? ते त्या दुकानापासून दहा पावलांवर बसलं होतं. चाळीस मिनिटं तिथंच!

म्हणून सांगतोय, हा प्रश्न नुसता दुखवत नाही, तो माणसाला खोटं बोलायला लावतो, आणि पोरगं हरवलेलं असताना बापाच्या तोंडून खोटी जागा, खोटी वेळ निघाली तर काय होतं ते मी बघितलंय. आधी विचारा, शेवटचं कुठं बघितलंत? अंगात काय होतं? पायात काय होतं? आणि चोवीस तास थांबा म्हणून सांगणारे जे शहाणे असतात त्यांना गप्प करा. तसला कुठलाही नियम नाही. १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा दाखल करायचा, पळवलंय असं धरूनच तपास करायचा. १०९८ (मुलांच्या मदतीचा) आणि ११२ (पोलिसांचा, तातडीच्या मदतीचा) हे दोन नंबर घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्येही घालून ठेवा.

पोराजवळ एक मावशी बसल्या होत्या. सीमेपलीकडच्या, सासनकाठीबरोबर चालत आलेल्या असाव्यात. मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नाही. आपल्या पदराचं टोक त्यांनी पोराच्या मुठीत दिलं होतं आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला खोचलं होतं. उठून शोधायला गेल्या नाहीत, जिथं पोरगं सापडलं तिथंच त्याला घेऊन बसून राहिल्या. मी पोचलो तर माझ्याकडं बघितलं, स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. एक शब्द विचारला नाही. मी पोराला छातीशी धरून रडत होतो आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत कायतरी बोलत होत्या, तीन-चार शब्द, पुन्हा पुन्हा.

काल रात्री पाहुणे गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. नारळाचं दुकान, फोन, खोटं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “मला माहीत आहे. त्याच रात्री त्यानं सांगितलं होतं, पप्पा फोनवर होते म्हणून.”

म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

“तुम्ही तेव्हा आठवडाभर जेवला नव्हता,” म्हणाली, आणि ताटं मांडणीत लावायला लागली.

निपाणी, चिकोडी, गोकाककडचे कुणी ही पोस्ट वाचत असाल तर एक विनंती आहे. तुमच्या गावातून जोतिबाला काठीबरोबर जाणाऱ्यांत साठीच्या आसपासच्या एक मावशी असतील, हिरव्या काठाची साडी होती, कपाळावर मोठं गोंदण. २०१७ साली डोंगरावर एक पोरगं सांभाळलं होतं का, एवढं त्यांना विचारा. पोरगं आता माझ्यापेक्षा उंच झालंय. त्याला घेऊन यायचं आहे.