पांढरी चादर आणि काळी दारू

नाताळच्या आठवड्यात साडूभाऊंचा फोन. "घरात एखादी जुनी पांढरी चादर आहे का हो?" मला वाटलं पाहुणे आले असतील. पाहुणे नव्हते, व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता: 'ठासणीच्या बंदुकीचा शिकारीचा बार कसा ठरवावा, जुन्या जाणत्यांच्या युक्त्या.' ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू नि गोळी ठासून भरायची बंदूक, आणि बार म्हणजे एका वेळी भरायची दारू. इकडे पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांसाठी चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो, १९७४ पासून. साडूभाऊंनी यंदा पहिल्यांदाच त्यासाठी .५० ची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची बंदूक घेतली. मेसेज मलाही दोन-तीनदा आला होता, सोडून दिला. आता घरातच शिरला म्हटल्यावर लिहिणं आलं.

चादरीची युक्ती अशी: नळीसमोर चादर अंथरा, दर बाराला दारू वाढवत जा, न जळलेले काळे कण चादरीवर पडू लागले की एक पायरी मागे या. झाला तुमचा बार पक्का. ऐकायला झकास, पण काळी दारू, म्हणजे बंदुकीची जुन्या पद्धतीची पूड, जळून सगळी हवेत जातच नाही. नोबल आणि एबल या ब्रिटिश संशोधकांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बंद पोलादी भांड्यात दारू उडवून मोजमाप केलं होतं. वजनाचा साधारण ५७ टक्के भाग घन राहतो, वायू होतो तो ४३ टक्के. म्हणजे ७० ग्रेनच्या बारात (साधारण १५ ग्रेनचा एक ग्रॅम) ४० ग्रेन नुसते क्षार नि काजळी. काही नळीला चिकटतं, काही धुराबरोबर बाहेर. चादर ३० ग्रेनलाही काळी होणार आणि १३० लाही. साडूभाऊंनी "हे बारीक कण धरायचे नाहीत, मोठे पडले की थांबायचं" असं स्वतःच ठरवलं आणि ११० पर्यंत गेले. खांदा निळा, आणि ५० यार्डांवर तीन गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या फाकलेल्या. सत्तरला त्याच गोळ्या वाटीत बसत होत्या.

बघायचीच असेल तर चिंधी बघा. गोळीभोवती गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची जी चिंधी लावतो, ती नळीपुढे दहा-पंधरा यार्डांवर पडलेली सापडते, बर्फात तर लगेच. मधे काळं वर्तुळ, कडा जरा विसकटलेल्या, पण कापड शाबूत, तर ठीक. साडूभाऊंच्या ११० च्या चिंध्या मी वेचल्या. मधोमध भोक, कडेला करपलेल्या. चादरीपेक्षा त्या चिंध्या जास्त खरं बोलत होत्या.

'दारू जास्त तर मार जास्त' हे थोडं खरं, नाइलाजाने मान्य. पण गोल गोळी वेगात सुटली की हवा तिला तितक्याच जोरात अडवते, शंभर यार्डांवर वाढवलेल्या वेगातलं फारसं उरत नाही. प्रत्येक बंदुकीचा आवडता बार वेगळा असतो, हेही मेसेजात बरोबर आहे. तो शोधायचा कागदावर, कंपनीच्या पुस्तिकेतल्या खालच्या आकड्यापासून पाच-पाच ग्रेन चढत, वरचा आकडा न ओलांडता.

'मधे नळी पुसू नका, जंगलात कुठे पुसता?' अहो, जंगलात पहिलाच बार महत्त्वाचा आणि तो स्वच्छ नळीतून जातो. म्हणूनच चाचणीत दर बाराला पुसायची.

'गोळी खाली पूर्ण टेकली नाही तरी चालतं.' नाही चालत. मधे पोकळी राहिली की नळी फुगते, कधी फाटते. गोळी खाली ढकलायचा गज बार भरून पूर्ण आत गेला की नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करून ठेवा, विषय संपला.

आणि आता ज्यासाठी मला खरा राग आला ती शेवटची युक्ती: 'काळी दारू मिळाली नाही तर रिलोडिंगची स्मोकलेस निम्मी घाला.' स्मोकलेस म्हणजे आधुनिक काडतुसांतली बिनधुराची पूड, घरी काडतुसं पुन्हा भरायला (रिलोडिंग) वापरतात ती. निम्मी कशाची? ठासणीचं माप आकारमानाचं असतं, काळ्या दारूवर बेतलेलं. त्यात दुसरी पूड ओतली की मापावरच्या आकड्याला काही अर्थच नाही. शिवाय स्मोकलेसचं जळणं दाबाबरोबर भडकत जातं. थर्टी-ओ-सिक्ससारख्या आधुनिक रायफलीच्या काडतुसात तो दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जायला मुभा असते, कारण ती बंदूक त्यासाठी घडवलेली असते. ही नाही. सॅव्हेज या बंदूक कंपनीने स्मोकलेससाठी ठासणीची एक खास बंदूक काढली होती खरी, पण ती वेगळी बंदूक, वेगळं पोलाद. बाकीच्यांत नळी फाटते ती बुडाशी, आणि डावा हात तिथून वीतभर पुढे असतो, चेहरा वीतभर मागे. साडूभाऊंच्या नळीवर 'फक्त काळी दारू' असं इंग्रजीत कोरलेलंच आहे. मी बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाले, "ते कंपनीवाले लिहितातच हो."

शेजाऱ्याने दिलेला स्मोकलेसचा डबा त्यांच्या गॅरेजच्या फळीवर होता, काळ्या दारूच्या डब्याला लागून. तो मी निघताना शेजाऱ्याच्या हातात परत देऊन आलो.