नवा ईसीएम बसवला, पण पाणी कोठून आले हे कोणी पाहिलेच नाही

व्हॅनमध्ये बदली ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बसवून घेतला आणि पहिल्याच मोठ्या पावसात गाडी भर रस्त्यात, मागे काम अर्धवट आणि पुढे गिऱ्हाईक खोळंबलेले असताना, बंद पडली. ती ओढून त्याच गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने ईसीएमचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला, तेव्हा नव्या युनिटच्या खालच्या ओळीतल्या पिनांवर तीच हिरवट पूड दिसली, जी जुन्या युनिटवर त्याने मला स्वतः बोट ठेवून दाखवली होती. कपलर तिरका धरताच त्यातून पाण्याचा थेंब ओघळून त्याच्या अंगठ्यावर आला. तो थेंब पुसत त्याने मला सुनावले की, तुम्ही इंजिनवर प्रेशरने पाणी मारले असणार, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही, आणि तसाही एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जात नाही.

या गाडीच्या इंजिनवर मी कधीही पाणी मारलेले नाही. पाणी कोठून येते हे पाहायला वाइपरखालची जाळी उचलणे पुरेसे होते. काचेवरून उतरणारे पावसाचे पाणी तेथून ड्रेनवाटे खाली जायला हवे. पण पाने आणि माती साचून ड्रेन बुजला की ते तेथेच तुंबते आणि वायरिंगवर उतरते. एकदा वायरीचे आवरण कोठे सोलवटले असेल, तर पाणी तारेच्या पेडांमधून, आवरणाच्या आतूनच, थेट कपलरपर्यंत झिरपत जाते. अशा वेळी ईसीएमच्या झाकणाभोवती कितीही सिलिकॉन फासले तरी काही उपयोग होत नाही. ज्या पिनांवर सतत बॅटरीचा सप्लाय असतो त्या ओलाव्यात सर्वांत आधी गंजून खाल्ल्या जातात, आणि इथेही नेमक्या त्याच पिना खाल्लेल्या होत्या. म्हणजे पुरावा त्याच्या हातात होता! जुना ईसीएम पाण्याने गेला हे ज्याला कळले, त्याला ते पाणी आले कोठून हा प्रश्न पडू नये, याचा मला मनस्वी संताप आहे. त्याच जागी, त्याच ओल्या कपलरवर नवे युनिट लावून गाडी माझ्या ताब्यात दिली गेली आणि त्याला दुरुस्ती हे नाव देऊन बिल फाडले गेले.

मुळात ईसीएमपर्यंत पोहोचेपर्यंतच आमचे किती हाल झाले होते! गाडी गरम झाली की बंद पडायची, थंड झाली की मुकाट्याने सुरू व्हायची. स्कॅनर लावला तेव्हा रेल प्रेशर सेन्सर (इंधनाचा दाब मोजणारा), बूस्ट सेन्सर (टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा) आणि अॅक्सिलरेटर पेडल यांचे बिघाडाचे कोड एकदम आले. तीन वेगवेगळे सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत. त्यांना पाच व्होल्टचा सप्लाय देणारी लाइन एकच आहे का आणि तिचे व्होल्टेज पडते आहे का, हे मीटर लावून आधी पाहायचे असते. ते न करता रेल प्रेशर सेन्सर बदलला गेला, मग पेडल बदलले गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दोन्ही चांगले सुटे भाग भंगारात गेले आणि गाडी पुन्हा बंद पडली. त्यानंतर कोठे पी ०६०६, म्हणजे ईसीएमच्या प्रोसेसरचा कोड, दिसला आणि लगेच निकाल लागला की ईसीएम गेला. निकाल बरोबर होता हे मान्य आहे, पण तो मोजून काढलेला नव्हता. सप्लाय पडला किंवा अर्थिंग कच्चे असले तरी ईसीएम वेड्यासारखा वागतो आणि भलभलते कोड देतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

कोड वाचण्याआधीच ते पुसून टाकण्याची सवय तर माझ्या डोक्यात जाते. दोष आला त्या क्षणी इंजिनचे तापमान काय होते, आरपीएम किती होते, लोड किती होता, हे सगळे फ्रीझ फ्रेममध्ये साठवलेले असते आणि कोड पुसला की तेही जाते. गरम झाल्यावरच येणाऱ्या दोषाचा तोच एक साक्षीदार होता. तसेच त्या बझरचे. मीटरचा बझर वाजला की वायर चांगली, असे ठामपणे सांगितले जाते. वीस पेडांपैकी एकच पेड शाबूत असला तरी बझर वाजतो, पण त्या एका पेडावर ईसीएमचा लोड पेलत नाही. वायरीवर बल्ब लावून लोड द्यावा, स्टार्टर मारताना ईसीएमच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज ड्रॉप पाहावा; तो ०.१ व्होल्टच्या आसपास राहिला पाहिजे. बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये सर्वसाधारणपणे ६० ओहम मिळाले, तर कॅन लाइनची, म्हणजे गाडीतले कंट्रोल युनिट एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींची, दोन्ही टोके जागेवर आहेत हे कळते. यांतल्या कोणत्याही तपासणीला महागडे यंत्र लागत नाही, फक्त मोजण्याची तयारी लागते.

बदली युनिटची कथा आणखी चीड आणणारी आहे. वापरलेला ईसीएम आणला, तोही हार्डवेअर नंबर जुळवून. तरी इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडू लागले, कारण इमोबिलायझरने, म्हणजे गाडीच्या चोरीविरोधी कुलपाने, त्याला ओळखले नाही. जुन्या युनिटची मेमरी वाचता येत होती, ती नव्यात उतरवली असती तर प्रश्न तेथेच मिटला असता. त्याऐवजी नव्याने कोडिंग करण्याचा घाट घातला गेला, आणि तेही स्थिर सप्लाय न जोडता, नुसत्या बॅटरीवर. प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज पडले तर युनिट कायमचे निकामी होऊ शकते, हे मला त्यांना सांगावे लागले. एवढे होऊनही इंजेक्टरांवर कोरलेले करेक्शन कोड, ज्यांवरून ईसीएम प्रत्येक इंजेक्टरचे इंधन जुळवतो, ते भरायचे राहिलेच. गाडी ठोके देत, धूर ओकत परत आली आणि मला ऐकवण्यात आले की इंजेक्टर संपले आहेत. कोड भरताच ठोके थांबले. कंपन्याही यात निर्दोष नाहीत: ज्याने गाडी विकत घेतली त्याच्या हाती तिचा कोड लागू नये अशी कुलपे घालायची, आणि पाणी उतरण्याच्या वाटेवरच इंजिनचा मेंदू ठेवायचा, हे डिझाइन ज्यांनी मंजूर केले त्यांनी एकदा पावसात रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभे राहावे.

आता गॅरेजवाले तिसऱ्या ईसीएमची गोष्ट काढत आहेत. मी स्पष्ट सांगितले आहे की आधी ड्रेन मोकळा करा, जाळीवर पाणी ओतून ते कोठे उतरते हे माझ्यासमोर पाहा, कपलर आणि त्यामागची खाल्लेली वायर कापून नवी घाला, आणि सप्लाय, अर्थ व पाच व्होल्टच्या लाइनची मापे कागदावर लिहून द्या. तो कागद हातात पडेपर्यंत या गाडीत नवे युनिट मी बसवू देणार नाही, आणि दुसऱ्या ईसीएमचे पैसेही परत मागितल्याशिवाय सोडणार नाही.