डोळ्यांच्या थेंबांत चालतं, मग गालिच्यावर का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

गालिच्याचा वास घालवायच्या औषधांवरचा माझा लेख वाचून तुम्ही जे लिहिलंत ते रागाने लिहिलंय, पण मुद्दे नेमके आहेत. म्हणून तिथेच दोन ओळींत न उरकता इथे सविस्तर लिहितो.

बाकी वाचकांसाठी: साहेब पुण्यात हाउसकीपिंगची कंत्राटं घेतात. हिंजवडी-खराडीची ऑफिसं आणि काही मंगल कार्यालयं त्यांच्याकडे आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "बीकेसी, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक, डोळ्यांच्या थेंबांत असतं. ते गालिच्यावर मारलं तर कुणाचं काय बिघडतं? एकदा वाळलं की विषय संपला. आमची पोरं वर्षानुवर्षं उघड्या हातांनी मारतायत. तुमच्यासारखे लोक भीती पसरवतात आणि गिऱ्हाईक आमच्या बिलावर शंका काढतं."

थेंबांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बऱ्याच जणांना पटलेला दिसतोय. थेंबांत बीकेसी असतं, अगदी खरं. बाटली उघडल्यावर औषधात जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात, आणि त्याचं प्रमाण साधारण ०.०१ टक्का असतं. रविवार पेठेत बोहरी आळीत कॅन भरून मिळतो तो माल बहुधा ५० टक्क्यांचा, कधी ८० टक्क्यांचा. नुसता ५० टक्क्यांचा धरला तरी थेंबांच्या पाच हजार पट झाला. तो बुबुळावर उडाला तर डोळा भाजतो आणि नजर कायमची अधू होऊ शकते. शिवाय थेंबांचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. काचबिंदूच्या ज्या पेशंटना वर्षानुवर्षं थेंब घालावे लागतात, त्यांच्या डोळ्यांना त्रास व्हायला लागला की डॉक्टर बीकेसी नसलेले थेंब लिहून देतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढून मगच थेंब घाला, अशी सूचनाही असते, कारण हे रसायन लेन्समध्ये शोषलं जातं. म्हणजे ०.०१ टक्क्यालासुद्धा कुणी बिनधास्त सोडलेलं नाही.

आता कॅनचंच बघा. दुकानदार निळ्या ड्रममधून पंपाने पाच लिटरचा कॅन भरतो, वर मार्करने तीन अक्षरं लिहितो आणि देतो. टक्का लिहिलेला नसतो, इशारा नसतो, कुणाचं नाव-गाव नसतं. तो कॅन तुमच्या ऑफिसच्या स्टोअरमध्ये जातो आणि तिथे माप काय, तर झाकण! जरा हिशोब करू. ५० टक्क्यांचा माल लिटरभर पाण्यात १ मिली घातला की ०.०५ टक्का द्रावण होतं, म्हणजे ५०० पीपीएम (दहा लाख भागांत ५०० भाग). झाकणात २० मिली बसत असेल तर तेच द्रावण १ टक्क्याचं झालं, वीस पट कडक. त्यातून मी पाहिलेली पोरं झाकणही मोजत नाहीत, 'वास येईपर्यंत' ओततात. गंमत अशी की तो मोगऱ्याचा नाहीतर गुलाबाचा वास बीकेसीचा नसतोच, वरून घातलेल्या सेंटचा असतो. वासावरून औषधाचा अंदाज बांधायला गेलात तर कायम जास्तच पडणार.

मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा, झाकणाची भानगडच संपेल. बादलीत आधी पाणी घ्या, मग औषध. उलटं केलंत तर फेस उसळतो आणि शिंतोडे उडतात, तेही नेमके कडक मालाचे.

'वाळलं की विषय संपला' हे तुमचं वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. वाळतं ते पाणी. बीकेसी हवेत उडून जात नाही, जागेवरच राहतं. त्याच्यावर धन भार असतो, त्यामुळे ते धाग्यांना चिकटून बसतं आणि साध्या पाण्याने सहज सुटत नाही. दर शनिवारी मारलंत की आधीच्या थरावर नवा थर चढतो. गालिचा हाताला चिकट लागायला लागतो, धूळ जास्त धरतो, लवकर कळकट दिसतो आणि मग तक्रार येते की माल हलका आहे. माल वाढवला जातो. यात आणखी एक चक्र आहे. बरेचसे कार्पेट शाम्पू साबणासारखे, ऋण भाराचे असतात. शाम्पू नीट न धुता त्यावर बीकेसी मारलं की दोघं एकमेकांना बांधून टाकतात. शाम्पूही वाया, औषधही वाया, वर राप तेवढा उरतो.

हा राप कुणाच्या अंगाला लागतो? ऑफिसात बुटांना, ठीक आहे. पण तुमच्याकडे मंगल कार्यालयंही आहेत. बारशाला आलेलं दुसरं पोर त्याच लाल कार्पेटवर रांगतं आणि तोच हात तोंडात घालतं. घरात मांजर असेल तर प्रश्न आणखी नाजूक. मांजर पंजे चाटून साफ करतं, आणि बीकेसी चाटल्याने मांजरांच्या जिभेला, टाळ्याला फोड आल्याचं, लाळ गळून खाणं बंद झाल्याचं पशुवैद्यकांना चांगलं माहीत आहे.

उघड्या हातांबद्दल. 'काही होत नाही' असं तुम्ही म्हणता, कारण कुणी आजारी पडून दवाखान्यात गेलं नाही. पण पोरांचे हात कधी उलटे करून बघितलेत? पेरांवरची सालं निघालेली, नखांच्या कडा लाल, भेगा पडलेल्या. त्याला सगळे 'पाण्यात काम आहे, होतंच' म्हणतात. पाण्याचाही वाटा असेल, पण बीकेसीच्या गटातली रसायनं कातडीला झोंबतात, काहींना त्यांची ॲलर्जी कायमची जडते, आणि सफाई कामगारांच्या दम्याशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. नायट्राइलचे हातमोजे आणि साधा सेफ्टी गॉगल यांचा खर्च तुमच्या एका बिलात दिसणारही नाही.

फवाऱ्याबाबत मी थोडा हटून बसणार आहे. धुक्यासारखी बारीक फवारणी बंद करा. औषध फडक्यावर घ्या, नाहीतर जाड थेंबांचा स्प्रे जमिनीजवळ धरून मारा. बारीक थेंब श्वासाबरोबर थेट फुफ्फुसात जातात आणि रुमाल बांधून ते अडत नाहीत. दक्षिण कोरियात काय झालं ते माहीत असावं. १९९० च्या दशकात पीएचएमजी नावाचं जंतुनाशक तिथे गालिच्यांत घालायचं म्हणून नोंदवलं गेलं. पुढे तेच घरगुती ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचं औषध म्हणून विकलं गेलं. २०११ मध्ये सोलच्या एका रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुफ्फुसं निकामी होऊन यायला लागल्या, तेव्हा ते उघडकीस आलं. बाधितांचा आकडा हजारांत गेला. पीएचएमजी म्हणजे बीकेसी नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. पण कातडीवर सौम्य वाटणारी वस्तू श्वासात गेल्यावर काय करते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

भीती पसरवण्याबद्दल एवढंच: मूळ लेखात खायच्या सोड्याच्या पावडरीला मी वाईट म्हटलेलं नाही. आंबूस वासावर ती बऱ्यापैकी चालते, फक्त भरताना धूळ उडवू नका आणि ओल्या गालिच्यावर टाकू नका, लगदा होतो. उलट 'केमिकल-फ्री, नैसर्गिक' म्हणून जी तेलं विकली जातात त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. टी ट्री तेल मांजराला विषारी आहे, नैसर्गिक असलं तरी.

वास परत का येतो, हेही तुम्ही विचारलंय. औषध जंतू मारतं, घाण काढत नाही. कुत्र्या-मांजरांच्या लघवीतल्या युरिक ॲसिडचे खडे पाण्यात फारसे विरघळत नाहीत. पुण्यात जुलैत हवा दमट झाली की त्या जागेला पुन्हा वास मारतो आणि गिऱ्हाईक तुम्हाला फोन करतं. तिथे एन्झाइमचं क्लीनर लागतं, आणि ते चालू असताना बीकेसी नको. आणि शनिवारी शाम्पू करून एसी बंद केलेल्या ऑफिसात सोमवारी जो कुबट वास येतो, तो गालिचा न वाळल्याचा आहे. पाणी ओढून घेणारं मशीन आणि ब्लोअर लावा, औषधाची गरज बरीच कमी होईल.

पुढच्या गोष्टी पोरांना तोंडपाठ करायला लावा. ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड एका बादलीत कधीच नाही, क्लोरीन वायू निघतो. लघवीच्या डागावरही ब्लीच नको, तिथे क्लोरामाइनचे वायू होतात. डोळ्यात काही उडालं तर पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटं नळाखाली, मग डॉक्टर. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी द्यायचं नाही, चूळ भरायची आणि कॅन सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास फोन घेतं. हा नंबर स्टोअरच्या दारावर चिकटवा. आणि गुलाबी औषध पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचं आजपासून बंद, ते हुबेहूब सरबत दिसतं.

पुढच्या खेपेला दुकानदाराकडे टक्का आणि सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचे धोके आणि घ्यायची काळजी लिहिलेला कागद, मागा. सोळा भाग असतात, त्यातला दुसरा (धोके), चौथा (प्रथमोपचार) आणि आठवा (हातमोजे-गॉगल वगैरे) भाग वाचलात तरी तुमचं काम भागेल. नाही म्हणाला तर दुकान बदला, त्याच आळीत बाकीची आहेतच. टक्का हाती आला की मला कळवा, तुमच्या बादलीच्या मापाने किती मिली घालायचं त्याचा तक्ता करून पाठवतो.