शेवटून पहिलं कसं यावं?

फॉर्म्युला वनची गाडी बनवायचं मनात आहे ना? मग आधी कुणालाही नको असलेलं एक इंजिन शोधा. गाडीचं नंतर बघू.

या विद्येतले आपले गुरू म्हणजे इटलीचे एर्नेस्टो व्हिटा. पूर्वी फेरारीत असलेल्या फ्रँको रोक्कींचं साडेतीन लिटरचं डब्ल्यू-१२ इंजिन त्यांनी पदरात घेतलं. चार-चार सिलिंडरच्या तीन रांगा, म्हणजे लांबी दोन रांगांत आठ सिलिंडर असलेल्या व्ही-८ एवढी आणि सिलिंडर बारा. कागदावर झकास! ते विकायला गेले तर एकही संघ घेईना. तुमच्या-माझ्यासारखा इथेच गप्प बसला असता. व्हिटांनी स्वतःचाच संघ काढला आणि आडनावाचं इंग्रजी करून त्याचं नाव ठेवलं ‘लाइफ’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

चॅसीसाठी, म्हणजे गाडीच्या सांगाड्यासाठी, डोकं शिणवू नका. दुसऱ्या संघाने १९८९ साठी बनवून घेतलेली आणि ग्रां प्री शर्यतीत कधीच न उतरलेली व्हिटांना आयती मिळाली. तिचे डिझायनर रिकार्डो दिव्हिला यांनी तिच्यावरून कधीच हात झटकले होते. तुम्हीही अशीच बघा. आणि एकच घ्या. दोन असल्या की उगाच तुलना होते.

१९९० चा हंगाम उजाडला. इतरांची इंजिनं सहाशे अश्वशक्तीच्या पुढे, आपलं पाचशेलाही पोचेना. ब्राझीलमधल्या इंटरलागोसला गाडी सुमारे चारशे मीटर गेली आणि थांबली. चालक होता तीन वेळच्या जगज्जेत्या जॅक ब्रॅबमचा मुलगा गॅरी. दोन शर्यतींत तो शहाणा झाला आणि निघून गेला. (चालक शहाणा नसलेलाच बरा.) मग ब्रुनो जाकोमेली आला. इटलीतल्या इमोलात बाकीचे दीड मिनिटाच्या आसपास फेरी मारत होते. याच्या नावावर लागली ७ मिनिटं १६ सेकंद. एवढ्या वेळात माणूस आजूबाजूची झाडंही बघून घेतो.

खरी शर्यत फार लांबची गोष्ट. आधी पूर्वपात्रता, म्हणजे पात्रता फेरीत शिरण्याआधीची चाळणी, शुक्रवारी सकाळी, तासाभराची. चौदा प्रयत्नांत तीही एकदा जमली नाही. सातत्य म्हणतात ते हे!

तरीही हंगामाच्या अखेरीला मोह होतोच. पोर्तुगालमधल्या एस्टोरिलला व्हिटांनी लाडकं डब्ल्यू-१२ काढून ‘जड’ (Judd) या इंग्रज कंपनीचं व्ही-८ बसवलं. आता चांगलं इंजिन आलं म्हटल्यावर काहीतरी बिघडायलाच हवं, नाही का? इंजिनवरचं झाकण नीट बसेना. पहिल्याच फेरीत ते उडून गेलं. त्यानंतर स्पेनमध्ये एकदा हजेरी लावली. जपान आणि ऑस्ट्रेलियाला गेलेच नाहीत. तेवढंच विमानभाडं वाचलं.