कुठलं प्रेसिंग?

जॅझ ऐकणाऱ्या चारचौघांत कुणी ‘सध्या काय ऐकताय?’ असं विचारलं, तर उत्तर देऊ नये. समोरचे पोहे खावेत. परवा रविवारी मी उत्तर दिलं आणि अजून धुमसतोय.

बैठकीचा रिवाज साधा. घरी सध्या वाजत असलेला एक अल्बम सांगायचा, त्यातली एक रचना ऐकवायची. मी म्हटलं, “माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’.” समोरच्या खुर्चीतल्या काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ‘सध्या बाराखडी चाललीये’ म्हटलं होतं.

“कुठलं प्रेसिंग?” म्हणजे रेकॉर्डची कुठली छपाई.

“सीडी आहे, काका.”

“बरं. ब्याण्णवच्या आधीची की नंतरची?”

हा प्रश्न वेडगळ असता तर हसून सोडून दिला असता. पंचाईत अशी की तो रास्त आहे. २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या थर्टीथ स्ट्रीट स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ध्वनिमुद्रित झाल्या, तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित मंद चाललं होतं. मंद टेपवर टिपलेलं योग्य वेगानं वाजवलं की लय वाढते आणि सूर चढतो. जेमतेम श्रुतीभर, पण चढतो. २२ एप्रिलची दुसरी बाजू मात्र ठीक. रेकॉर्डसोबत वाजवायला बसणारा सॅक्सोफोनवाला माउथपीस थोडा आत ढकलून जुळवून घेईल. पियानोवाल्यानं काय करायचं? शेवटी १९९२ साली, त्याच दिवशी शेजारी चालू ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राची टेप वापरून ही बाजू सुरात आणली.

“नंतरची,” मी म्हटलं. “म्हणजे सुरातली.”

“म्हणजे चुकीची. लोकांनी तेहेतीस वर्षं जे ऐकलं, ते मूळ. तुमच्या सीडीत पियानोवर बिल एव्हान्सला बरं नसल्यासारखं वाटतं.”

“अहो काका, त्या दिवशी तो त्याच पट्टीत वाजवत होता!”

“स्टुडिओत वाजवत असेल. रेकॉर्डवर नाही.”

यावर माणसानं काय बोलावं? मग काकांनी कापडी पिशवीतून स्वतःची प्रत काढली. कोलंबिया कंपनीचं, डोळ्यासारख्या सहा चिन्हांचं ‘सहा डोळ्यांचं’ लेबल, मोनो, क्रमांक सीएल १३५५. दुसऱ्या बाजूच्या लेबलवर ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लेमेंको स्केचेस’ ही नावं उलटसुलट छापलेली. छापखान्याच्या या चुकीवर काकांचं विशेष प्रेम. ती त्यांनी प्रत्येकाला बोट ठेवून दाखवली. बोट लेबलवरच, खाचांना स्पर्श नाही.

“लावू या की,” यजमान म्हणाले.

“सुई कितीची?”

“नेहमीची. स्टिरिओ, ०.७ मिल.” (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग.)

“जुन्या मोनोला एक मिल लागते. आणि रेकॉर्डवर सुईचं वजन?”

“दोन ग्रॅम.”

“पावणेदोनच्या वर मी जात नाही.” रेकॉर्ड पिशवीत परत. आम्हाला दर्शन घडलं, प्रसाद नाही.

पुढच्या गृहस्थांनी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’ आणला होता. १५ सप्टेंबर १९५७, न्यू जर्सीतलं हॅकेनसॅक. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना हाच स्टुडिओ, आणि ट्रम्पेटवर अवघ्या एकोणीस वर्षांचा ली मॉर्गन. या पोरानं त्या वयात काय वाजवलंय, यावर तासभर बोलता आलं असतं. पण लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यात व्हॅन गेल्डरची ‘आरव्हीजी’ ही आद्याक्षरं आहेत का आणि रेकॉर्ड छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची ती बारीक खूण, जिला संग्राहक ‘कान’ म्हणतात, ती सापडते का, हे पाहायला पाच डोकी टेबललॅम्पखाली जमली. मागे स्पीकरवर ‘मोमेंट्स नोटिस’ सुरू होऊन संपलंसुद्धा. कान मिळाला नाही. प्रत नंतरची निघाली, गृहस्थांचा चेहरा पडला, आणि संगीत कसं होतं हे कुणीच विचारलं नाही.

मला खरी चीड याची आहे. ‘काय ऐकताय’ म्हणून विचारायचं आणि पावती तपासायची! रेकॉर्डचे भाव आधीच आवाक्याबाहेर, त्यात प्रत्येक प्रतीची अशी चौकशी. नवा माणूस एकदा येतो, पुन्हा फिरकत नाही. मग हेच लोक कुरकुरतात की तरुण मुलं जॅझकडे वळत नाहीत.

आणि वळलेली एक मुलगी तिथेच बसली होती. ती पियानोवादक थेलोनियस मंकचा ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ऐकत होती, १९५६ साली ध्वनिमुद्रित झालेला. त्याची शीर्षकरचना इतकी अवघड की पंचवीस टेकमध्ये एकही पूर्ण पार पडला नाही. निर्माता ओरिन कीपन्यूजनं टेप कापून, तुकडे जोडून ती उभी केली. मुलगी म्हणाली, “मुखडा आधी रेंगाळत येतो, मग तोच अंगावर दुगुनीत येतो, आणि सॅक्सोफोनवर सॉनी रॉलिन्स त्या सांध्यावर...”

“कशावर ऐकता?” काका.

“फोनवर.”

“अच्छा,” काका म्हणाले, आणि चहाची चौकशी करायला उठले. रॉलिन्स त्या सांध्यावर काय करतो, ते तिचं सांगायचं राहूनच गेलं.