गोड बोलून उपाशी

चार वर्षं पुण्यात मेसवर जेवलेल्या माणसाला उद्धटपणाचं फारसं काही वाटत नाही. मान वर न करता ‘संपलं’ कसं म्हणतात, दुसऱ्यांदा आमटी मागितली की वाढपी कसा बघतो, सुट्टे नसले की मालक आपल्या खानदानाविषयी काय समजूत करून घेतो, हे सगळं मी सोसलेलं आहे आणि वेळ आली तेव्हा उलट उत्तरंही दिलेली आहेत. म्हणून कंपनीने अटलांटाला पाठवलं तेव्हा तिथल्या हॉटेलांची धास्ती वाटली नव्हती. पण अमेरिकेच्या या दक्षिण भागात माणसाला उपाशी ठेवायची रीत वेगळी आहे. इथे तुम्हाला आधी ‘स्वीटहार्ट’ म्हणतात.

ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून आई-बाबा आले. त्यांना अस्सल दक्षिणी पद्धतीचं थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे टर्की हा पक्षी खायच्या इथल्या मोठ्या सणाचं, जेवण दाखवावं, अशी हौस मला आली. बायको म्हणाली, “वार बघितलास का?”

थँक्सगिव्हिंगचा वार बघावा लागत नाही, तो गुरुवारीच असतो. 1863 मध्ये लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरवला, 1941 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून तो चौथा गुरुवार केला, आणि दोन्ही वेळा आमच्या आईला कुणी विचारलं नाही. आई गुरुवारी मांस-मच्छीला शिवत नाही. त्यात 2025चा थँक्सगिव्हिंग 27 नोव्हेंबरला, म्हणजे मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळी आईने अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या आमच्या घरी घट मांडला, महालक्ष्मीची कहाणी वाचली आणि गाडीत बसताना म्हणाली, “सगळ्या देशानं मिळून पक्षी खायचा, तर त्याला गुरुवारच सापडला व्हय यांना?”

हॉटेल अर्ध्या तासावर, एका जुन्या लाकडी घरात. टेबल एक वाजताचं होतं. आम्ही दोन वाजून वीस मिनिटांनी बसलो. मधल्या वेळात दारातल्या मुलीने आम्हाला चारदा ‘जस्ट अ मिनिट, हनी’ सांगितलं, आणि प्रत्येक वेळी इतक्या मनापासून, की पाचव्यांदा विचारायची मलाच लाज वाटली.

मग आमची वाढपीण आली. पन्नाशीची, भरल्या अंगाची, तोंडभर हसणारी. सगळ्यांना मिळून एक ‘यॉल’ (म्हणजे ‘तुम्ही सगळे’) घातला आणि बाबांकडे वळून म्हणाली, “तुम्हाला काय आणू, शुगर?”

बाबा दचकले. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “अरे, हिला कसं कळलं?”

बाबांना अकरा वर्षांपासून शुगर आहे. गंमत म्हणजे इथली जुनी माणसंही मधुमेहाला ‘शुगर’च म्हणतात, त्यामुळे गैरसमज अगदीच निराधार नव्हता. खुलासा करेपर्यंत तिने सगळ्यांसमोर एकेक उंच ग्लास ‘स्वीट टी’ ठेवलासुद्धा. हा चहा गरम असतानाच त्यात साखर विरघळवतात आणि मग बर्फ घालतात. बाबांनी एक घोट घेतला, बोटावर थेंब घेऊन अंगठ्याने ताणून बघितला आणि म्हणाले, “एकतारी.” आणि ग्लास लांब सरकवला.

या हॉटेलांच्या पद्धतीला ‘मीट अँड थ्री’ म्हणतात. एक मांसाचा प्रकार निवडायचा आणि तीन भाज्या. माझी बायको जन्मापासून शाकाहारी, म्हणून मी मोठ्या आशेने भाज्यांची यादी वाचायला घेतली. पहिली भाजी होती मॅकरोनी आणि चीज. ही इथे भाजीत धरतात, आणि त्याबद्दल कुणाच्याही मनात शंका नसते. दुसरी कोलार्ड, आपल्या नवलकोलाच्या पाल्यासारखी रुंद पानं, तासन् तास शिजवलेली.

“यात मीट नाही ना?” बायकोने विचारलं.

“अजिबात नाही, डार्लिंग. फक्त चवीपुरता हॅम.”

चवीपुरतं मीठ ऐकलं होतं. चवीपुरतं मीट प्रथमच. मग घेवड्याच्या शेंगांबद्दल विचारलं, त्यात चवीपुरता बेकन निघाला. बिस्किटांत डुकराची चरबी. बायकोने शेवटी मॅकरोनीच तीनदा घेतली, तीन भाज्या म्हणून, आणि वाढपिणीने तिचं ‘गुड चॉईस’ म्हणून कौतुक केलं.

आईची मदार रताळ्यावर होती. रताळं उपासाला चालतं. आलं ते भांडं भरून, पण वरून मार्शमेलो या साखरेच्या मऊ मिठाईची जाड, खरपूस गादी अंथरलेली. मार्शमेलोत जिलेटिन असतं, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात हे आमच्या मुलीने शाळेत शिकल्याप्रमाणे मोठ्या आवाजात सांगितलं, आणि आईने चमचा खाली ठेवून पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढला. तिला एकच गोष्ट ओळखीची वाटली ती ग्रिट्स. “या तर मक्याच्या कण्या!” या कण्यांना आमच्या या जॉर्जिया राज्याने 2002 साली अधिकृत राज्यपदार्थ जाहीर केलेलं आहे, अशी माहिती मी पुरवली. बाबा म्हणाले, “आपल्याकडं कण्या खायची वेळ आली की माणसं दार लावून खायची. यांनी कायदा केला.”

टर्की तीनच्या सुमारास आली. या पक्ष्याचं तंगडीचं मांस रसाळ असतं आणि छातीचं अंगचंच कोरडं. तंगडी संपली होती. छाती बहुधा सकाळपासून दिव्याखाली धरून ठेवलेली असावी. ती चावताना मला शाळेतला खडू आणि डस्टर दोन्ही आठवले. अशा वेळी ग्रेव्ही हाच आधार, आणि ग्रेव्ही ताटात नव्हती. (या पक्ष्याला इंग्रजीत तुर्कस्तानचं नाव आहे आणि खुद्द तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात. हे ऐकल्यावर बाबांनी त्याच्याकडे जरा जिव्हाळ्याने पाहिलं. “आपलाच म्हणायचा. वाळलाय बिचारा परदेशात.”)

मी ग्रेव्ही मागितली. “ऑफ कोर्स, स्वीटहार्ट!” दहा मिनिटांनी पुन्हा मागितली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, “आत्ता आणते, बेबी.” तिसऱ्यांदा मागितली तेव्हा तिने हात छातीशी नेला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “ब्लेस युअर हार्ट.” आणि गेली. ग्रेव्ही शेवटपर्यंत आली नाही.

आता याच्याशी भांडायचं कसं? भांडणाला कुठेतरी धरायला एक कोपरा लागतो. पुण्यात तो समोरचा स्वतःहून हातात देतो. ‘नसेल परवडत तर दुसरीकडे जा’ म्हटलं की आपल्याला काय बोलायचं ते सुचतं, आवाज चढतो, शेजारच्या टेबलावरचे दोघं आपल्या बाजूने होतात. इथे नुसता पाक. हात घालावा तिथून निसटतो आणि वर बोटं चिकट होतात. मी आत शब्दांची जुळवाजुळव करत होतो, इंग्रजीतला कर्मणी प्रयोग तपासत होतो, आणि बाहेर माझ्याच तोंडून ‘थँक यू सो मच’ निघत होतं.

“किती मायेची बाई आहे,” आई म्हणाली. “कामात आहे तरी आशीर्वाद देऊन गेली.” ‘ब्लेस युअर हार्ट’चा इथला अर्थ बऱ्याचदा ‘अरेरे, अक्कल जरा बेताचीच दिसते’ असा असतो, हे बायकोला ऑफिसातल्या मैत्रिणीने समजावलेलं होतं. आम्ही आईला सांगितलं नाही.

बिलात सहा किंवा जास्त माणसांच्या टेबलाला लागणारी अठरा टक्के टिप आधीच लावलेली होती. आम्ही सहा कसे? आमचा दीड वर्षाचा चिरंजीव उंच खुर्चीत बसून पेपर नॅपकिन खात होता, त्याला धरून. कॉर्नब्रेडचे तुकडे मात्र पाचच आले होते; तेव्हा तो माणसांत नव्हता. तरी टिपेवरून मी वाद घातला नाही, कारण टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून तासाला 2 डॉलर 13 सेंटवर थांबलेलं आहे, जॉर्जियात तेच चालतं, आणि ती बाई एकटी आठ टेबलं सांभाळत होती. म्हणजे रागवायला जी एक व्यक्ती समोर होती, तिच्यावरही रागवता येईना. मॅनेजरला मात्र गाठलं. त्याने मला ‘बडी’ म्हटलं आणि पंचवीस डॉलरचं कूपन दिलं.

नाताळही गुरुवारीच आला. शहाणा माणूस त्या वाटेला गेला नसता. मी घरी न्यायची ऑर्डर दिली: शिजवलेली बारा पौंडांची टर्की, फक्त गरम करून वाढायची, सोबत ग्रेव्ही. 24 तारखेला तासभर रांगेत उभं राहून खोका आणला. आत पक्षी होता तो बर्फाचा दगड. ग्रेव्हीच्या जागी क्रॅनबेरीचे दोन जादा डबे. फोन केला तर पंचवीस मिनिटं घंटांची गाणी ऐकली, आणि मग एक मधाळ आवाज म्हणाला, “फ्रिजमध्ये ठेवा ना, हनी, सुटेल आपोआप.”

सुटतो. दर चार पौंडांना एक दिवस असा हिशेब आहे. बारा पौंडांना तीन दिवस, म्हणजे शनिवार. शनिवारी बाबा खात नाहीत, मारुतीचा वार. नाताळच्या जेवणाला बोलावलेल्या दोन कुटुंबांनी आईने स्वतःपुरतं टाकलेलं पिठलं वाढवून वाढवून खाल्लं आणि जाताना रेसिपी विचारली. टर्की आम्ही रविवारपासून बुधवारपर्यंत खात होतो.

1 जानेवारी. पुन्हा गुरुवार. कूपन पाकिटात टोचत होतं. शिवाय नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी इथे चवळी खातात, नशीब उघडावं म्हणून. सोबत कोलार्ड, कारण ती नोटांच्या रंगाची, आणि कॉर्नब्रेड, कारण तो सोन्याच्या. चवळी-भात एकत्र शिजवला की त्याला ‘हॉपिन जॉन’ म्हणतात. चवळी काय, भेंडी काय, पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर या किनाऱ्याला लागली आणि इथलीच झाली. “चवळी खायला एवढ्या लांब?” असं म्हणत आई निघाली, पण निघाली.

तीच वाढपीण, तेच हसू. “चवळी संपली, स्वीटहार्ट. बारालाच संपली. आय ॲम सो सॉरी.” मी कूपन पुढे केलं. तिने त्याच्या पाठीमागची बारीक ओळ बोटाने दाखवली: सणासुदीच्या दिवशी चालणार नाही.

मी ‘दॅट्स ओके’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने विचारलं, “काय म्हणतीय?”

“चवळी संपली म्हणते.”

आईने पर्स टेबलावर ठेवली. “अगं बाई,” ती थेट त्या बाईला मराठीत म्हणाली, “वर्साचा पहिला दिवस, आन् दारात आलेल्या माणसाला ‘संपलं’ म्हणतीस? रात्री भिजत घालताना दोन मुठी जास्त घालायला काय झालं हुतं?”

“येस, मॅम.”

“आन् हसू नगंस. मी रागावलीय.”

“नो, मॅम.” आणि खरंच, तिचं हसू गेलं. ती आत गेली आणि पाच मिनिटांत वाफाळलेली वाटी घेऊन आली. आत काम करणाऱ्यांनी स्वतःसाठी वेगळं काढून ठेवलेलं होतं, त्यातली. मी तीन वेळा शुद्ध इंग्रजीत ग्रेव्ही मागितली होती.

आईने वाटीत वाकून बघितलं. चवळीत मध्येच काहीतरी गुलाबी तरंगत होतं. मी विचारलं. “चवीपुरता हॅम,” ती म्हणाली. गुरुवार! पण आई काही बोलली नाही, पांढऱ्या खोक्यात बांधून मागितली, आणि निघताना त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “सुखी राहा.” ती बाई एवढंच म्हणाली, “ब्लेस युअर हार्ट.” हा कुठल्या अर्थाचा होता, ते बायकोला आणि मला दोघांनाही सांगता आलं नाही.

शुक्रवारी आईने त्या चवळीला कांदा-लसूण मसाल्याची फोडणी दिली. मी दोनदा वाढून घेतली. मग आईने तो फोमचा खोका घासला, पुसला आणि ओट्यावर उपडा ठेवला.

“आई, तो टाकायचा असतो.”

“लोकाच्या घरचा डबा आहे. रिकामा परत द्यायचा नसतो.”

म्हणून 14 जानेवारीला, संक्रांतीच्या संध्याकाळी, तिळाच्या लाडवांनी भरलेला फोमचा खोका दोन्ही हातांत धरून मी त्या हॉटेलच्या दारात एकटा उभा होतो. दारातली मुलगी म्हणाली, “जस्ट अ मिनिट, हनी.” चाळीस मिनिटांनी ती वाढपीण आली. मी खोका पुढे केला आणि म्हणालो, हा तिळगूळ, आमच्या आईने पाठवलाय, हा देताना आमच्याकडे एक वाक्य म्हणायची पद्धत आहे.

“काय म्हणतात, शुगर?” तिने तोंडभर हसत विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं, आणि ‘तिळगूळ घ्या’पर्यंतच सांगितलं.