‘तसलं काही मनात नाही ना?’ असं विचारू नका रे पोरांनो

आज पुन्हा तेच फोटो. खान्देशातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र आणि एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) मुलांसाठी ‘क्रायसिस इंटरव्हेन्शन व ताणव्यवस्थापन’ कार्यशाळा, म्हणजे संकटातल्या माणसाला तातडीनं आधार कसा द्यायचा ते शिकवणारी. दीडशे मुलं, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तासभर स्लाइड, संध्याकाळी प्रमाणपत्र. डोकंच फिरलं. हीच मुलं फील्डवर्कला शिंदखेडा, शहादा, पारोळ्याच्या गावांत जाणार आहेत.

पारोळ्याकडच्या एका गावात काय झालं ते ऐका. दुसऱ्या वर्षाची मुलगी होम व्हिजिटला गेली. कपाशी बोंडअळीनं खाल्लेली, सोसायटीचं कर्ज थकलेलं. ओसरीवर बसलेले बाबा म्हणाले, ‘आते काय राह्यनं माय?’ ती घाबरली. ‘बाबा, तसलं काही मनात नाही ना?’ ते म्हणाले, ‘नही.’ तिनं डायरीत लिहिलं, आत्महत्येचे विचार नाहीत. खाटेखाली फवारणीच्या औषधाचा डबा होता. तिला तो दिसला, पण पुढे काय करायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं.

पोरीला बोल लावू नका. ‘नाही ना?’ या प्रश्नातच उत्तर कोंबलेलं आहे. विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकायचंय हे समोरच्याला कळतं आणि तो ते देऊन मोकळा होतो. सरळ विचारायचं: जीव द्यायचा विचार मनात येतो का? अहिराणी घरात अहिराणीतच: ‘तुमना मनमा जीव देवाना इचार येस का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ आलं की पुढचं ठरलेलं: कसं, कधी ते ठरवलंय का, साधन घरात आहे का, आधी प्रयत्न झालाय का. धोका जवळ वाटला तर माणसाला एकटं सोडायचं नाही. घरातल्या कुणाला हाक मारायची, डबा त्यांच्याकरवी घराबाहेर काढायचा, 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावायचा, दवाखान्यापर्यंत सोबत जायचं. ‘कुणाला सांगू नको’ याला होकार द्यायचा नाही. आणि घरचे पोलिसांच्या भीतीनं आधीचा प्रयत्न लपवतात. त्यांना 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 115वं कलम सांगता आलं पाहिजे: वेगळं सिद्ध झालं नाही तर प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरतो, त्याच्यावर खटला नाही की शिक्षा नाही.

हे स्लाइड बघून येत नाही हो! तिघांचा गट करा. एक संकटातला, एक मदत करणारा, एक फक्त पाहणारा. दहा मिनिटं बोलणं, पाच मिनिटं पाहणाऱ्याची, मग जागा बदला. पाहणाऱ्यानं टिपायचं: पहिला सल्ला कितव्या मिनिटाला दिला, शांतता किती सेकंद सोसली, ‘जीव देणं’ हे शब्द तोंडातून निघाले की ‘तसलं काही’वर भागवलं. पहिल्या फेरीत मुलं मिनिटभरातच ‘सगळं ठीक होईल’ म्हणून टाकतात. दोन-तीन फेऱ्यांनी जीभ सुटते. शेवटी भूमिका करणाऱ्यानं स्वतःचं नाव मोठ्यानं घेऊन बाहेर यायचं. ज्याच्या घरी असं घडलंय त्याला ती भूमिका द्यायचीच नाही.

दीडशे मुलांना इतके शिक्षक कुठून आणायचे, हे मान्य. मग तीस-तीसच्या तुकड्या करा, पाच दिवस घ्या.

आणि मुलांच्या ताणाचं काय? दारात शिरण्याआधी चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं दोन-तीन मिनिटं. याचा उपयोग होतो. पण ती पोर त्या दिवशी एसटीनं घरी आली तेव्हा तिला विचारणारं कुणी नव्हतं. डायरीवर गाईडची, म्हणजे फील्डवर्क बघणाऱ्या शिक्षिकेची, सही सोमवारी. तोवर तो डबा तिच्या डोळ्यांपुढे. त्याच संध्याकाळी गाईडनं पंधरा मिनिटं फोन करायला हवा: काय दिसलं, काय राहिलं, उद्या कोण जाणार. सगळं पुन्हा वदवून घ्यायची जबरदस्ती मात्र नको, त्यानं नुकसानच होऊ शकतं.

शेवटी तिनंच गाईडना फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. यावेळी ती खाली बसली आणि अहिराणीत सरळ विचारलं. बाबा बराच वेळ गप्प. तीही गप्प राहिली. मग ते म्हणाले, ‘येस माय, येस.’ येतो माय, येतो. डबा त्याच संध्याकाळी भावाच्या घरी गेला.